छावणीतली युनिव्हर्सिटी

मच्छिंद्र सानपपुढे कुणी हात मिळवायला हात केला, की तो आधी त्या माणसाच्या पायांकडे बघायचा आणि मग दोन्ही हात जोडून नमस्कार करायचा. लोकांना वाटायचं, विद्यापीठाचा चॅम्पियन, एवढा शिकलेला, तरी पोरगा किती नम्र. मलाही तसंच वाटत होतं. एकदा मी त्याला सरळ विचारलं, तर म्हणाला, "हाताला हात लागला की मला पुढचं सुचाया लागतंय. लोकांला कावून उगं पाडायचं?"

कुस्तीत तो विद्यापीठाला दोनदा पहिला आला होता. आमच्याकडे कुणी इतकं लांबचं पहिलं आलेलं नसल्यामुळे गावानं त्याचं नावच 'युनिव्हर्सिटी' ठेवलं. "युनिव्हर्सिटी आला का?" "युनिव्हर्सिटी बैलाला पाणी दाखवाय गेला." त्यालाही त्याचं काही वाटत नसे. चॅम्पियन कसा झालास असं विचारलं तर तो सांगायचा, "समोरचा पडला. मग मीच उरलो."

मी त्या काळी गावच्या दूध संस्थेत होतो. दुधाचं फॅट काढायचं आणि कमी लागलं की लोकांच्या शिव्या खायच्या, अशी तिथं दोन कामं होती. दोन्ही माझ्याकडेच होती. त्या वर्षी पाऊस आमचा शिरूर कासार तालुका सोडून सगळीकडे पडला. निदान आम्हाला तरी तसं वाटत होतं. दिवाळीनंतर विहिरींत दगड दिसू लागले, उसाला पाणी नाही म्हणून कारखाने लवकर बंद झाले आणि ऊसतोडीला गेलेली माणसं हंगाम अर्धा टाकून परत आली. उन्हाळ्याच्या तोंडाला गावच्या सेवा सोसायटीनं रस्त्याकडेच्या मुरमाड माळावर जनावरांची छावणी उघडली. जनावरांमागं माणसं गेली, माणसांमागं पोरं गेली, आणि गावात दूधच उरलं नाही म्हणून पोरांमागं दूध संस्थाही गेली. माझं फॅटचं यंत्र मी एका पत्र्याच्या शेडमध्ये मांडलं आणि त्याच शेडमध्ये राहू लागलो.

मच्छिंद्र तिथं कुस्ती शिकवायला म्हणून आला नव्हता. वडील थकले होते, म्हणून परीक्षा आटोपून तो घरचे दोन बैल आणि एक गाय घेऊन छावणीत आला होता. विषय कोणता होता परीक्षेला, असं मी विचारलं. "राज्यशास्त्र," तो म्हणाला. पेपर कसे गेले? "मी दिले. पुढचं त्यांनी बघायचं."

दिसायला तो लोकांच्या मनातला पैलवान नव्हता. मिशा नाहीत, गळ्यात ताईत नाही, चालही साधी. ओळखू यायचा तो कानांवरून. दोन्ही कान मोडलेले, तळताना दुमडल्या गेलेल्या पुरीसारखे. डाव्या कानानं त्याला कमी ऐकू यायचं. ज्याचं ऐकायचं नसेल त्याच्याकडे तो डावा कान करून बसत असे. सोसायटीचे चेअरमन आबा छावणीत आले की हटकून त्याच्या डावीकडे असायचे.

सकाळी चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाढ्यांच्या राशीमागं तो एकटाच जोर काढायचा. छावणीत पोरांना काही उद्योग नव्हता. जनावराला चारा टाकला की दिवस संपला. दोन दिवस त्यांनी नुसतं बघितलं, मग राशीच्या अलीकडे त्याच्यासारखे जोर काढू लागली. त्यानं काही दिवस तिकडे लक्षच दिलं नाही. एका सकाळी उठून विष्णू नावाच्या काटकुळ्या पोराच्या कमरेवर पाय ठेवून म्हणाला, "हे खाली जातंय, हे वर कावून येत न्हाई?" आमच्या छावणीतलं कुस्ती शिबिर असं सुरू झालं.

तो कधी जोर मोजत नसे. "दमला का?" असं विचारायचा. पोरगं म्हणालं, न्हाई, की "मग झाले न्हाईत." पोरगं म्हणालं, दमलो, की "मग आता सुरू कर." यातून सुटायची वाट कुणालाच सापडली नाही.

आखाड्याला माती मिळाली, पाणी मिळेना. टँकरचं पाणी माणसांना प्यायला आणि जनावरांना हाळात, म्हणजे त्यांच्या हौदात. आखाडा दोन्हींत बसत नव्हता. मग पोरं संध्याकाळी हाळाच्या तळाला राहिलेलं गढूळ पाणी तांब्यानं खरवडून आणायची आणि मातीवर शिंपडायची. मातीत हळद, तेल, ताक घालावं लागतं. हळद विष्णूच्या आईनं पदराच्या गाठीतून काढून दिली. तेल टँकरवाल्या शब्बीरभाईनं दिलं. ते खाण्याचं का टँकरचं, हे कुणी विचारलं नाही. ताक मी दिलं. त्या दिवशीचं फॅट कमी लागल्याबद्दलच्या शिव्याही मीच खाल्ल्या.

पहिले पंधरा दिवस त्यानं पोरांना फक्त पडायला शिकवलं. पाठीवर पड, कुशीवर पड, हनुवटी छातीला लाव, तळहात मातीवर आपट. त्यातच त्याचा एक नियम होता, तो मी दुसऱ्या कुठल्या आखाड्यात बघितला नाही. समोरच्याला पाडताना आपला एक तळवा त्याच्या मानेखाली गेलाच पाहिजे. "पाठ मातीची हाय, मान त्याच्या आईची हाय," एवढंच स्पष्टीकरण. पोरं दिवसभर पडायची. छावणीतल्या बापांना हे पटेना. एक जण येऊन भांडलाच.

"युनिव्हर्सिटी, पोरगं जिंकाय पाठवलंय मी. पडाय तर त्याला जन्मल्यापासून येतंय की!"

"न्हाई येत," मच्छिंद्र म्हणाला. "आदळाय येतंय."

तो बाप आमच्यातलाच, ऊस तोडायला जाणारा, उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा. मोळीसकट खाली आलेली माणसं त्यानं बघितलेली होती. तो बैलाकडे निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून धाकटं पोरगंही पाठवू लागला.

दुसरा नियम शड्डूचा. आखाड्यात उतरून मांडीवर शड्डू ठोकला की कुस्ती घ्यायचीच, मग समोर कुणी का असेना. विष्णूनं एकदा उगाच, माशी मारावी तसा शड्डू ठोकला. मच्छिंद्रनं गोरखला हाक मारली. गोरख विष्णूचा चुलतभाऊ आणि त्याच्या दीडपट. विष्णू रडवेला झाला. "सर, मी गंमत केलती."

"मग आता गंमत बघ बे," मच्छिंद्र म्हणाला.

गोरखनं त्याला पाडलं, मानेखाली तळवा घालून पाडलं. विष्णू उठून माती झटकू लागला, तेव्हा मच्छिंद्र म्हणाला, "पडला चांगला." त्याच्या तोंडून आलेली ती पहिली शाबासकी होती. विष्णू दिवसभर छावणीत सगळ्यांना सांगत फिरला की मी चांगला पडलो.

तिसरा नियम सगळ्यात कडक. मुद्दाम पडायचं नाही. हा नियमही विष्णू-गोरखवरच तपासला गेला. जवळच्या गावच्या जत्रेत लहान मुलांच्या कुस्तीला बक्षीस स्टीलची बादली होती. शेवटच्या जोडीत हे दोघेच आले. विष्णूच्या आईकडे बादली नव्हती. छावणीत ती पाणी पत्र्याच्या डब्यातून आणायची आणि डब्याला भोक होतं. गोरख पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मच्छिंद्रनं वाजवल्या नाहीत. छावणीत टेम्पोतून उतरल्यावर तो बोलला.

"पडताना हनुवटी छातीला लावायचं इसरला न्हाईस गोरख. पण पडायच्या आधीच लावलीस."

विष्णूनं बादली पुढे केली.

"बादली तुझ्या आईची. शेण तुमचं," मच्छिंद्र म्हणाला.

आठवडाभर दोघांनी छावणीतलं शेण पाट्या भरभरून उकिरड्यावर टाकलं. छावणीत तेव्हा किती जनावरं होती ते आठवलं की अजून माझी पाठ दुखते, आणि मी तर एकही पाटी उचलली नव्हती. सगळी छावणी बघायला उभी असायची. चेअरमन आबांनीही जीप थांबवून हा प्रकार समजून घेतला आणि पोट धरून हसले. "लई कडक हाय बुवा तुमची युनिव्हर्सिटी," मला म्हणाले.

आबांबद्दल सांगायला हवं. सोसायटीचे ते कित्येक वर्षं चेअरमन होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, वर काळं जाकीट, आणि तरुणपणी आपण जत्रेत बक्षिसाच्या नारळाची कुस्ती मारली होती, हे कुठल्याही बोलण्यात आणायची हातोटी. सोसायटीच्या सभेत खताचा विषय निघाला तरी तो त्या नारळापर्यंत पोचायचा. पण माणूस मनानं वाईट नव्हता. पोरं हाळ खरवडतायत हे त्यांनी बघितलं आणि शब्बीरभाईला सांगितलं, रोज एक पिंप आखाड्याला टाक. छावणी तपासायला साहेब आले, आखाड्यातली ओली माती बघून थांबले आणि विचारलं, हे काय? आबा म्हणाले, "आजारी जनावरांला लोळाय केलंय साहेब." साहेबांनी आखाड्याच्या कडेला उभ्या असलेल्या मच्छिंद्रकडे बघितलं. मच्छिंद्रनं डावा कान पुढे केला.

पिंप सुरू झालं तसा विरोधही सुरू झाला. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. आबांच्या विरोधातली माणसं छावणीत फिरून म्हणू लागली, जनावरांच्या तोंडचं पाणी पोरांच्या खेळाला जातंय. उन्हं वाढली, टँकरच्या खेपा घटल्या. शब्बीरभाई पिंप उतरवताना कुरकुर करायचा, "पैलवान, मेरे को सब लोगां पूछते. आबा का लफ्ज है इसलिए डालता मैं. आबा का मन फिरा तो बंद." ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. पिंप आबांच्या शब्दावर होतं, आणि आखाडा पिंपावर. त्या उन्हात एक आठवडा माती सुकली असती, तर तिचा मुरूम झाला असता आणि त्यावर कुणी पोराला पाडलं नसतं. मच्छिंद्रनं तर नाहीच.

मध्येच एक सांगतो, नाही तर राहून जाईल. माझ्या चुलतबहिणीला बघायला मुलगा येणार होता. मच्छिंद्र चांगला दिसतो, सोबत असलेला बरा, म्हणून मी त्याला घेऊन गेलो. पोहे झाले, बोलणी झाली, मंडळी बाहेर पडली. काकांनी मोठ्या आशेनं त्याला विचारलं, "पोरगा कसा वाटला?" मच्छिंद्रनं नीट विचार केला. "कमरंत ढिला हाय. डावीकडनं रेटला तर जाईल." काकांनी महिनाभर विचार केला आणि नकार कळवला. बहीण अजून मला विचारते, तो माणूस नक्की कोण होता. तिला पुढे चांगलं स्थळ मिळालं. त्याची कंबर कुणी बघितली नाही.

तर आबा. निवडणुकीच्या आधी शिबिराचं 'उद्घाटन' करायचं त्यांच्या मनात आलं. शिबिर सुरू होऊन दोन महिने होत आले होते, पण त्याचं उद्घाटन झालं नव्हतं हेही खरं. कापडी फलक आला. त्यावर आबांचा फोटो मोठा आणि मच्छिंद्रचं नाव लहान, तेही 'मचिंद्र' असं. तालुक्याहून फोटोग्राफर आला, हलगीवाला आला, आणि सगळी छावणी आली, कारण दुसरीकडे जायला कुणाला जागाच नव्हती. विरोधातली मंडळीही आली आणि पुढे बसली.

आबांनी नारळ फोडला, भाषण केलं, भाषणात दुसरा नारळही येऊन गेला. मग फोटोग्राफर म्हणाला, आबा, पैलवानाबरोबर आखाड्यात एक फोटो. आबांनी चपला काढल्या, धोतराचा काचा मारला आणि आखाड्यात उतरले. शब्बीरभाईनं सकाळीच पिंप ओतलं होतं, माती छान ओली होती. आबांनी चिमूटभर माती घेऊन कपाळाला लावली. फोटोग्राफर म्हणाला, "आबा, काही तरी पैलवानासारखं करा की."

आबांनी मांडीवर शड्डू ठोकला.

आवाज चांगला आला. इतका चांगला आला की आबा स्वतःच खूश झाले आणि त्यांनी दुसरा ठोकला. मग त्यांच्या लक्षात आलं की हलगी वाजू लागली आहे. हलगीवाला बाहेरगावचा, शड्डू ऐकला की वाजवायचं एवढं त्याला ठाऊक. छावणी ओरडू लागली. आणि आखाड्याभोवती बसलेली पोरं, दोन महिने ज्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं की शड्डू ठोकला की कुस्ती घ्यावीच लागते, ती सगळी मच्छिंद्रकडे बघू लागली. विष्णू तर उठून उभा राहिला होता.

आबा हसत होते. ते हसू तसंच राहिलं, फक्त आतून निघून गेलं. पुढे बसलेल्यांतला एक जण ओरडला, "आबा, नारळाची कुस्ती दावा!" आता मागं फिरणं म्हणजे निवडणूक तिथंच हरणं. पुढे जाणं म्हणजे विद्यापीठाच्या चॅम्पियनकडून सगळ्या गावासमोर पाठ टेकणं, तेही हरणंच. आणि आबांची पाठ टेकली असती तर दुसऱ्या दिवशी पिंप आलं असतं का, हे विचारायची गरज नव्हती.

मच्छिंद्रनं पँट काढून बाजूला ठेवली. लंगोट त्यानं आत घातलेलाच असायचा.

पंच म्हणून मला ढकललं. फॅट मोजणारा माणूस निष्पक्ष असतो, असं कुणी तरी ओरडलं. माझ्याबद्दल असं कुणी म्हणण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

त्यामुळे मी अगदी जवळून बघितलं. मच्छिंद्रनं माती घेतली, आबांच्या हाताला लावली आणि हात पुढे केला. तेवढ्या महिन्यांत त्यानं कुणाला हात दिलेला मी पहिल्यांदा बघितला. आबांच्या कपाळावरून घाम गळत होता. मच्छिंद्र इतक्या हळू बोलला की माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसेल. "आबा, हनुवटी छातीला लावा."

आबा अंगावर गेले. माणूस म्हातारा, पण गेला, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी मच्छिंद्रची कंबर धरली, रेटली आणि ओल्या मातीत त्यांचाच पाय सुटला. मी त्यांना मागं जाताना बघितलं. पाठ खाली, तोंड वर, आणि आखाड्याच्या कडेला जिथं मुरमाचे दगड लावले होते तिकडे डोकं. तेवढ्यात मच्छिंद्रचा तळवा त्यांच्या मानेखाली गेला, दुसरा हात कमरेला, आणि दोघं हवेतल्या हवेत फिरले. कसे ते मला सांगता येणार नाही. खाली आले तेव्हा मच्छिंद्र खाली होता, आबा त्याच्या छातीवर होते आणि मच्छिंद्रचे दोन्ही खांदे मातीला टेकलेले होते. मी जे दिसलं ते सांगितलं. हात वर केला.

मग काय झालं ते सांगण्यासारखं नाही. आबांना खांद्यावर घेतलं, गुलाल आला, तो कुठून आला कुणास ठाऊक. विरोधातली माणसंही नाचली, कारण हलगी थांबतच नव्हती. मच्छिंद्र उठला, अंगाची माती पुसली, पँट घातली आणि बैलांना चारा टाकायला गेला. पोरं जागच्या जागी बसून होती. विष्णू रडत होता. त्याला वाटत होतं, सर हरले. गोरख रडत नव्हता. तो नुसता बघत होता, कारण हवेत फिरणं त्यानं ओळखलं होतं, आणि ते हरण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आखाड्यावर एकही पोरगं आलं नाही. बसली आपापल्या जनावरांजवळ. पिंप मात्र आलं. शब्बीरभाईनं ते उतरवलं आणि इकडेतिकडे बघत मला विचारलं, "पैलवान किधर है?"

पैलवान शेण भरत होता. लंगोटावर, डोक्यावर फडक्याची चुंबळ, हातात पाटी. छावणीच्या एका टोकापासून सुरुवात केली होती आणि एकेक दावण करत पुढे येत होता. पाटी भरायची, उकिरड्यावर न्यायची, रिकामी करायची, परत. मी शेडच्या दारात उभा होतो. पहिल्यांदा मलाही कळलं नाही. मग गोरख आपल्या बैलाजवळून उठलेला दिसला, आणि कळलं. माझे डोळे भरून आले, हे मी आता सांगतो. तेव्हा मी यंत्र पुसायला आत गेलो होतो.

गोरख त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "सर, पाटी द्या."

"तू पडलतास का काल?"

"न्हाई."

"मग हो बाजूला."

गोरख बाजूला झाला नाही. मागून विष्णू आला, आणखी दोघं-तिघं आली. मच्छिंद्रनं पाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता सांगेल. पाण्याचं सांगेल, पिंपाचं सांगेल, आबांचं सांगेल. त्यानं विचारलं, "काल पडताना माझी हनुवटी कुठं व्हती?"

मग विष्णू म्हणाला, "छातीला."

"हात?"

"आबांच्या मानंखाली."

"एवढं घ्या. बाकीचं घेऊ नगा," तो म्हणाला आणि पाटी उचलली. "जावा, जोर काढा. माती भिजवलीय शब्बीरभाईनं."

पोरं गेली. आठवडाभर पोरं आखाड्यात आणि तो दावणीवर, असं चाललं. शेण उचलता उचलता लांबूनच ओरडायचा, "विष्ण्या, कंबर!" विष्णू न बघता कंबर उचलायचा.

त्याच आठवड्यात आबा पाहुण्यांना घेऊन आले. जीपमधून उतरतानाच कुस्तीचं वर्णन चालू होतं. त्यात आता आबांनी मच्छिंद्रला उचललेलंही होतं. बोलता बोलता त्यांना शेणाची पाटी दिसली आणि पाटीखाली मच्छिंद्र दिसला.

"पैलवान, हे कावून?"

"कसरत हाय, आबा."

आबांनी त्याच्याकडे बघितलं, पोरांकडे बघितलं. विष्णू-गोरखचं शेण बघून पोट धरून हसले होते, ते त्यांना आठवलं असणार. वर्णन तिथंच थांबलं. पाहुण्यांना ते चारा दाखवायला घेऊन गेले. त्यानंतर त्यांच्या तोंडून त्या कुस्तीची गोष्ट मी कधी ऐकली नाही. निवडणुकीत ते निवडून आले. सत्काराच्या भाषणात कुणी तरी तो विषय काढला, तर त्यांनी खताचा विषय काढला. नारळाची कुस्तीही त्यांच्या बोलण्यातून गेली. लोकांना वाटलं, वय झालं.

पिंप शेवटपर्यंत आलं. पाऊस लागला तशी छावणी उठली, आखाड्यात तळं साचलं आणि पुढच्या वर्षी त्या जागेवर कुणी तरी बाजरी पेरली. बाजरी बरी आली, इतकं हळद-ताक खाल्लेली माती होती. गोरख पुढे चांगल्या कुस्त्या खेळला. विष्णू पिकअप चालवतो. घाटात एकदा गाडी उलटली, गाडी गेली आणि विष्णू कुशीवर पडून उठला. तो सांगतो, सर नसते तर मी आदळलो असतो.

मच्छिंद्र नांदूरघाटच्या बाजूला एका शाळेत खेळाचा मास्तर झाला. वर्षा-दोन वर्षांतून भेट व्हायची. तेच कान, तेच नमस्कार करणं. मी एकदा त्या कुस्तीचं काढलं, तर त्यानं मान वळवून डावा कान माझ्याकडे केला.

त्याला शेवटचं बघितलं ते आबांच्या घरी. आबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेलेली, बोलणं तुटक, आणि हसणं तर बंदच झालेलं. मी भेटायला गेलो, तर मच्छिंद्र आधीच कॉटशेजारी खुर्चीवर बसलेला. शाळेतून सुट्टी काढून एसटीनं आला होता. खुर्ची त्यानं अशी ठेवली होती की आबा त्याच्या उजव्या कानाकडे येतील. घरातली माणसं चहाचं बघत होती.

आबांनी त्याच्याकडे बघत डावा हात हळूहळू उचलला आणि मांडीवर मारला. पांघरुणावर बारीक आवाज आला. त्यांच्या मुलाला वाटलं, झटकाच येतोय. तो हात धरायला पुढे झाला.

"राहू द्या," मच्छिंद्र म्हणाला. "मला म्हणत्यात ते."

आबांनी पुन्हा मांडीवर हात मारला. मच्छिंद्र त्यांच्याकडे वाकला आणि अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "आज नगं आबा. आज तुमी आधीच पडल्याले हाव."

सुनेच्या हातात चहाचा ट्रे तसाच राहिला. आणि आबांच्या तोंडाची एक बाजू वर गेली, पोट हलू लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. ते हसत होते. मग त्यांनी एकेक शब्द ओढून काढला.

"तू बी... पडलतास."

"व्हय," मच्छिंद्र म्हणाला. "शेण काढलं की त्याचं."

आबा बराच वेळ हसत राहिले आणि दमले. त्यांचं डोकं उशीवरून कलंडू लागलं. मच्छिंद्र उठला, त्यांच्या मानेखाली तळवा घातला आणि त्यांना सावकाश खाली ठेवलं.